चिंचखोरीचा पट

बोईसर
३ फेब्रुवारी २०२५

भाऊंना नवसीचा नमस्कार.

तुमी मला ओळखत नाय, पण तुमच्याकडं माझा फोटो हाय. दहा वर्षांपूर्वी तुमी चिंचखोरी पाड्याच्या शाळेत दप्तरं वाटायला आला होता. मी पयलीत होते. तुमी माझ्या पाठीवर दप्तर अडकवताय आणि मी खाली मान घालून उभी हाय, असा तो फोटो. तुमच्या पंच्याहत्तरीचं पुस्तक निघतंय, त्याच्यात तो छापायचा हाय म्हणं. तुमच्या सत्कार समितीचे प्रीतमदादा मला शोधत शोधत मावशीच्या खानावळीत आले आणि म्हणाले, "फोटोच्या खाली चार ओळी लिहून दे, भाऊंमुळं तू किती शिकलीस ते."

मी मान हलवली. मग त्यांचे तीन फोन आले. फोनवर माझा आवाज निघत नाय. प्रेमलामावशीच दर वेळी "देते देते, पोळ्या चालू हायत" म्हणून ठेवते. म्हणून तुमालाच लिहिते. पत्ता त्या छापील कागदावर होता.

चार ओळी लिहायला बसले होते. पण काय लिहू. मी पाचवी अर्धी करून शाळा सोडली. आता सतरावं चालू हाय. मावशीकडं राहाते, कंपनीतल्या कामगारांचे डबे असतात, मी चपात्या लाटते. एक यूपीवाले चाचा रोज डबा उघडून म्हणतात, "छोटी, आज कौन सा जिला बनाया?" आता जरा गोल होतात.

हे तुमच्या पुस्तकात कसं शोभंल. तर माझा फोटो छापू नका. आमच्या पाड्याचा भावेश बारावी झाला, त्याचा छापा. मला अभ्यास झेपला नाय, दुसरं काय नाय.

प्रीतमदादांना तुमीच सांगा. मला त्यांना नाय म्हणवत नाय.

नवसी


एडवण
११ फेब्रुवारी २०२५

चि. नवसीस,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग मंदाला वाचून दाखवलं. मंदा माझी बायको. ती म्हणाली, "पन्नास वर्षांत तुम्हाला 'छापू नका' म्हणणारं हे पहिलंच माणूस." बरोबर आहे तिचं. आमच्याकडे येतात ते छापा म्हणणारेच.

प्रीतमला मी सांगितलं आहे, तो आता फोन करणार नाही. मला स्वतःला फोनवर ऐकू येत नाही, कानाची मशीन कुईं करते. तेव्हा आपल्या दोघांना पत्रच बरं.

पण तू लिहिलंस ते मला पटलं नाही. अभ्यास झेपला नाही म्हणजे काय? मी गणितात दोनदा नापास झालो होतो. एडवणहून माझी शाळा आठ किलोमीटर होती, चालत. मॅट्रिक झालो आणि त्याच वर्षी ठरवलं की किनाऱ्यावरच्या पोरांना इतकं चालायला लागता कामा नये. तिथून माझं सगळं सुरू झालं. आधी गावात हायस्कूल काढलं, मग लोकांनी दोनदा निवडून दिलं, शेवटी शाळासुधार समितीचं अध्यक्षपद मिळालं. बाकी सगळं लोक विसरले तरी चालेल, त्या समितीचं काम विसरू नये असं मला वाटतं. तेव्हा दहा-बारा पोरांच्या शाळा होत्या, एक मास्तर चार वर्ग सांभाळायचा, आणि पट फुगवायला शेजारच्या शाळेतून पोरं उसनी आणून बसवायचे. मी काय केलं, सगळ्या शाळांची मोजणी एकाच दिवशी, एकाच वेळी, अकरा वाजता. उसनी पोरं आणणार कुठून? वीसच्या खाली पट निघाला ती शाळा मोठ्या शाळेत मिळवली, आणि पोरांना न्यायला गाडी दिली.

तुमची चिंचखोरीही त्यातच गेली. कळमवाडीला तुम्हाला सात शिक्षक मिळाले, मैदान मिळालं, कॉम्प्युटर मिळाले. तरी तू तिथं का रमली नाहीस? कुणी मास्तर बोलला का? नाव सांग.

सोबत पाचवी-सहावीची पुस्तकं पाठवतो आहे. बाहेरून परीक्षा देता येते. मशेरी लावत बसू नकोस, वाच.

कृष्णकांत


बोईसर
२ मार्च २०२५

भाऊंना नमस्कार.

पुस्तकं मिळाली. मशेरी मी लावत नाय. मावशी लावते, तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मेला म्हातारा इथं येऊन बघून गेला का काय."

मराठीचं पुस्तक वाचायला घेतलंय. दुपारी डबे गेले की दोन ते चार मोकळी असते. मास्तर कुणी काय बोलले नाय. कळमवाडीची शाळा चांगली हाय. मैदान खरंच मोठं हाय. लांब पडायची, एवढंच.

एक काम होतं. मी कधी कुणाला काम सांगितलं नाय, म्हणून कसं सांगतात ते माहीत नाय. माझी लहान बहीण हाय, स्नेहा. या जूनला तिला सहा पुरी होतात. तिला आश्रमशाळेत घ्यायला तुमची चिठ्ठी चालंल का? तिथं राहायची सोय असती. आई म्हणते एवढीशी पोर राहील कशी, अजून हात धरून झोपते. मलापण तसंच वाटतं. पण दुसरं काय सुचत नाय. बाबा म्हणतो, "भाऊंना विचार, त्यांच्या एका सहीनं होतं."

जमत नसंल तर राहू द्या.

नवसी


एडवण
९ मार्च २०२५

चि. नवसी,

चिठ्ठी देतो. एका मिनिटाचं काम आहे. पण देण्याआधी मला एक कळू दे. सहा वर्षांच्या पोरीला आईपासून तोडून वसतिगृहात का घालायचं? कळमवाडीची गाडी चालू आहे. मी परवा मुद्दाम चौकशी केली. सकाळी साडेनऊला चिंचखोरीसाठी गाडी सुटते, कागदावर तसं स्पष्ट आहे.

तू काहीतरी लपवते आहेस. मी इतकी वर्षं लोकांचे अर्ज वाचले. 'लांब पडायची, एवढंच' असं लिहिणाऱ्या माणसाच्या पोटात बरंच असतं. तू मला दुखवशील म्हणून गप्प असशील तर राहू नकोस. मला शिव्या खायची सवय आहे, दोन निवडणुका हरलोही आहे.

मोकळं लिही. वाडीत पाणी लावायचं आहे, इथंच थांबतो.

कृष्णकांत


चिंचखोरी
२० मार्च २०२५

भाऊंना नमस्कार.

होळीला घरी आले. आई-बाबा आणि स्नेहापण वीटभट्टीवरून सणाला आलेत. दारात बसून लिहिते हाय, म्हणजे समोर दिसतं तेच लिहिते.

समोर आमची शाळा हाय. कुलूप गंजलंय. ओट्यावर शेळ्या बसल्यात. गोदरेजचं कपाट आत तसंच हाय म्हणतात, त्याच्यात कोंबडीनं अंडी घातली होती.

गाडी सुटते ते खरं हाय. ती ओहोळाच्या पल्याड येऊन थांबते. रस्ता तिथं संपतो. कागदावर पूल हाय काय माहीत नाय, ओहोळावर नाय. उन्हाळ्यात आमी दगडांवरून जायचो. पावसात बाबा खांद्यावर घ्यायचा. मी चौथी अशीच केली. पाचवीत होते तवा एक दिवस आमी पोरं शाळेतून आलो आणि पाणी चढलेलं. गाडी आमाला सोडून गेली होती. आमी सात जण त्या काठावर, आणि ह्या काठावर आई. ती ओरडत होती "बसून राहा, कुणी पाण्यात पाय घालू नका". तिच्या पोटात तवा स्नेहा होती. पाणी उतरेपर्यंत तशीच उभी होती, बसलीच नाय. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता बस झालं." मग स्नेहा झाली, तिला सांभाळायला कुणीतरी पायजेच होतं. एवढंच झालं. अभ्यास मला येत होता. ही शाळा चालू होती तवा प्रफुल्ल गुरुजी मला फळ्यावर गणित करायला पाठवायचे.

ते मोजणीचं तुमी लिहिलं. ती मला आठवत नाय, कारण आमी नव्हतो. डिसेंबर होता. दिवाळी झाली, भात झोडून झालं की आमचा पाडा वीटभट्टीवर जातो. सगळी घरं बंद. ज्यांच्या आज्या घरी राहातात त्यांची पोरं राहातात फक्त. तुमची माणसं आली त्या दिवशी शाळेत अकरा पोरं होती. पटावर आमी एकतीस होतो. भट्टीवरून परत आलो, जूनला दप्तर घेऊन शाळेत गेलो, तर कुलूप. आमाला वाटलं गुरुजींना बरं नाय.

जूनला मोजलं असतं तर भरली असती. पण तुमाला ते कुणी सांगितलं नसंल. तुमी किनाऱ्यावरचे, तुमच्याकडं डिसेंबरला सगळी घरीच असतील.

म्हणून स्नेहाला चिठ्ठी. तुमी विचारलं म्हणून लिहिलं, तुमच्यावर राग नाय. आईपण म्हणते, भाऊंनी दप्तर दिलं होतं, ते अजून हाय, त्यात आता तिखट-मिठाच्या पुड्या असतात.

नवसी


एडवण
२८ एप्रिल २०२५

चि. नवसी,

पाच आठवडे झाले. तुला वाटलं असेल म्हातारा रागावला. रागावलो नव्हतो. शोधत होतो.

तू लिहिलंस की मला कुणी सांगितलं नसेल. ते वाक्य मला झोंबलं, कारण मला पुसट आठवत होतं की कुणीतरी सांगितलं होतं. माडीवर समितीचे कागद बांधून ठेवलेले आहेत. रोज दुपारी एक गठ्ठा सोडायचो. चार दिवसांपूर्वी सापडलं. तुमच्या प्रफुल्ल गुरुजींचं पत्र, मोजणीच्या आधी वीस दिवसांचं. सरळ अक्षरात लिहिलं आहे: 'पाड्यावरील कुटुंबे वीटभट्टीवर स्थलांतरित आहेत. तरी चिंचखोरीची मोजणी जून महिन्यात करावी ही विनंती.' त्याच्यावर लाल शाईत माझा शेरा आहे. 'कारणे नकोत. पट हवा.' खाली सही.

असे शेरे मी शेकड्यांनी मारले असतील. पट फुगवणारे मास्तर रोज नवं कारण आणायचे, मला वाटलं हा त्यातलाच. चिंचखोरीला मी दप्तरं वाटायला आलो तेव्हा ऑगस्ट होता, ओटा पोरांनी भरलेला होता. त्यानंतर मी तिथं पाय ठेवला नाही. डिसेंबर मी का निवडला ठाऊक आहे? आमच्या गावाकडे डिसेंबरला भातं घरात आलेली असतात, पाऊस नाही, उकाडा नाही, वर्गात एक जागा रिकामी राहात नाही. मी एडवणच्या अंगणातून सगळा जिल्हा बघितला.

आता तुला खरं ते सांगतो, चांगलं वाटो न वाटो. बंद शाळा परत उघडण्याच्या अर्जांची सुनावणी पालघरला नऊ मेला आहे. तुमच्या पाड्याचा अर्ज या आठवड्यात गेला तर त्यात बसेल. पण नुसत्या अर्जाला कुणी विचारत नाही. पट वीसच्या खाली असं माझ्याच अहवालात आहे. तो चुकीचा होता असं मी लिहून दिलं तरच काही होईल. आणि माझा सत्कार अठरा मेला. पुस्तक छापखान्यात आहे, त्यातली चाळीस पानं त्या मोजणीवरच आहेत. प्रीतम म्हणतो, "भाऊ, सत्कार होऊन जाऊ द्या, मग काय लिहायचं ते लिहा." पण मग सुनावणी निघून जाते आणि पुढची कधी ते कुणाला माहीत नाही.

मला वाटत होतं तुझं पत्र वाचून मी लगेच उठेन आणि लिहून देईन. उठलो नाही. चार दिवस तो कागद उशाशी घेऊन पडलो आहे. गुरुजींना तुमच्या अर्जाचं कळवलं आहे, ते बाबांकडून सह्या घेतील. माझं मी अजून ठरवलेलं नाही.

कृष्णकांत


बोईसर
३ मे २०२५

भाऊंना नमस्कार.

गुरुजी आले होते. आता त्यांचे केस पांढरे झाले, मी वळखलंच नाय. त्यांनी मला वळखलं. बाबाला भट्टीवरून बोलावून घेतलं, सह्या झाल्या. ज्यांना येत नाय त्यांनी अंगठे दिले.

तुमचं पत्र मी कुणाला दाखवलं नाय. मावशीलापण नाय. तुमी ठरवलं नाय म्हणता, तर लोकांना आधी कशाला.

मी तुमाला लिहा असं म्हणणार नाय. तुमचा सत्कार एकदाच हाय. मला सगळ्यांसमोर खाली बघायला लागतं तवा कसं होतं ते मला माहीत हाय, मी रोजचीच तशी हाय. तुमाला सवय नसंल.

स्नेहाचं फक्त सांगते. मागल्या आठवड्यात मी भट्टीवर जाऊन आले. तिला शंभरपर्यंत आकडे येतात. कुणी शिकवले नाय. बाबा विटा रचतो आणि ती मोजते. पण ती जोडीजोडीनंच मोजते, दोन, चार, सहा, कारण विटा तशा उचलतात. मी म्हटलं एक, तीन, पाच कुठं गेले? ती म्हणाली, "ते फुटके असतील." लई हसलो आमी. मग घरी येताना एसटीत मला रडू आलं.

शाळा जूनला सुरू होते. नऊ तारखेला बाबासंगं मीपण येणार हाय. बोलणार बाबाच. मी नुसती येणार.

नवसी


एडवण
११ मे २०२५

चि. नवसी,

परवा पालघरला तुला पहिल्यांदा नीट बघितलं आणि तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मीही बोललो नाही. म्हणून हे पत्र.

मी बाहेरच्या बाकावर तुमच्याच शेजारी बसलो होतो. तुझ्या बाबांनी मला विचारलं, "बाबा, तुमची पण शाळा बंद पडली का?" मी म्हटलं, "नाही, मी बंद पाडली." ते हसले, त्यांना वाटलं म्हातारा थट्टा करतो. तू मात्र माझ्या कानातल्या मशीनकडे बघितलंस आणि पदराचं टोक तोंडात धरलंस, तेव्हा कळलं तू ओळखलं आहेस.

आत सुनावणी घेणाऱ्या मॅडमांनी माझं निवेदन वाचलं. मग म्हणाल्या, "भाऊ, हे लिहून द्यायची तुम्हाला गरज नव्हती." म्हणजे देऊ नका असं होतं ते, प्रेमानं. मी सांगितलं, फाईलला लावा, आणि गुरुजींचं पत्रही लावा, शेऱ्यासकट. प्रीतम माझ्या मागं उभा होता. तो बाहेर निघून गेला. त्याचं मला वाईट वाटलं, दहा वर्षं माझी पिशवी धरून फिरला आहे.

मॅडम म्हणाल्या, जुन्या कागदावर शाळा उघडता येणार नाही, नवीन मोजणी करू, बारा जुलै चालेल का. मी मान डोलावणारच होतो. गुरुजीही. आणि तू भिंतीशी उभी होतीस ती म्हणालीस, "जुलैत नको. भाताची आवणी असते, सगळी पोरं शेतात असतात. वीस जूनला करा." मला ऐकू आलं नव्हतं, गुरुजींनी पाटीवर लिहिल्यासारखं तळहातावर बोटानं लिहून दाखवलं. मी परत तेच करायला निघालो होतो, नवसी. एका मिनिटापूर्वी चुकीची कबुली दिली होती आणि तेच करायला निघालो होतो.

सत्कार रद्द झाला नाही, लहान झाला आहे. शिवाजी चौकाच्या मंडपाऐवजी आमच्या अंगणात. मंदा म्हणते, "बरं झालं, शाली ठेवायला कपाटात जागाच नव्हती." पुस्तक थांबवलं आहे. ती चाळीस पानं मला परत लिहायची आहेत. दोन-चार जण येता-जाता ओळख दाखवेनासे झाले. दोन-चारच, बाकीच्यांना काय झालं हेच कळलेलं नाही.

वीस जूनला मला यायचं आहे. ओहोळ कसा ओलांडायचा ते कळव.

कृष्णकांत


चिंचखोरी
२४ जून २०२५

भाऊंना नमस्कार.

तुमी आला नाय. मंदाकाकींचा निरोप गुरुजींनी सांगितला की तुमाला ताप हाय आणि त्यांनी तुमाला गेटाला कुलूप लावून घरात ठेवलंय. बरं केलं. पाणी कमरेएवढं होतं.

मोजणीचं सांगते. मॅडम स्वतः आल्या. सकाळपासून गुरुजी आणि मी घरोघरी फिरत होतो. आदल्या दिवशी पोरं सत्तावीस होती, त्या दिवशी सकाळी सतराच. मला धसकाच बसला. मग कळलं, कुणीतरी उठवलं होतं की डॉक्टर सुया टोचायला येणार. आठ जण करवंदीच्या जाळीत, आणि केतन म्हणून एक हाय तो आंब्यावर. खाली उतरंना. त्याची आजी खालून म्हणत होती, "उतर रे रांडेच्या, शाळा हाय, सुई नाय." तो वरून म्हणाला, "शाळा कुठं उघडी हाय? तू खोटं बोलतीस." त्यानं जन्मापास्नं ती बंदच बघितलेली.

मॅडमनी मग कुलूप तोडायला सांगितलं. दार ढकललं ते बघून तो आपणच उतरला. आत धूळ लई होती, तरी सगळी जाऊन बसली, रांगेत, न सांगता. मॅडमनी नावं लिहिली. सव्वीस. एक पोरगी खरंच मामाकडं गेली होती, तिला धरलं नाय. धरा म्हणून बाबा म्हणत होता, गुरुजी म्हणाले, "नको, जेवढी हायत तेवढीच."

जाताना मॅडम म्हणाल्या, ऑर्डर पंधरा दिवसांत. आमी वाट बघतो हाय. मावशीनं मला तवर सुट्टी दिली हाय. म्हणाली, "तुझ्या चपात्या चाचाच लाटतील, त्याला जिल्हे लई माहीत."

ताप उतरला का? काकींचं ऐका.

नवसी


एडवण
८ जुलै २०२५

चि. नवसी,

ऑर्डर निघाली. गुरुजींनी तुला सांगितलं असेलच, तरी मला माझ्या हातानं लिहायचं होतं. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, चौदा तारखेपासून. गुरुजींनी स्वतः बदली मागून घेतली आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, ती चिंचखोरीला काढायची म्हणतात. मी त्यांना क्षमा मागणारं पत्र पाठवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, त्यात मोजणीबद्दल काहीच नाही. एवढंच विचारलं आहे की फळा नवा मिळेल का. मी तीनदा उलटसुलट करून बघितलं, मागे काही लिहिलंय का. नाही. फळा पाठवतो आहे.

पुलाचं मला जमेल असं वाटत नाही. पाचवीला पोरांना तो ओहोळ ओलांडायचाच आहे. मी अर्ज लिहायला घेतला आहे, पण माझ्या शब्दाला आता पूर्वीसारखं वजन नाही, आणि ते का नाही हे तुला ठाऊक आहे. तरी लिहितो. रोज एक कागद.

पुस्तक निघेल, दिवाळीपर्यंत. गुरुजींचं पत्र आणि माझा शेरा, दोन्ही जसंच्या तसं छापतो आहे. तुझं नाव कुठंही घातलेलं नाही, तू सांगितलं होतंस तसं. घालावं असं मला फार वाटतं, पण नाही घातलं.

तुझ्या परीक्षेचं तू काही लिहिलं नाहीस. मी विचारणार नाही. फक्त फॉर्म सोबत ठेवला आहे.

स्नेहाचा पहिला दिवस कसा गेला ते कळव. इथं मंदालाही ऐकायचं आहे.

कृष्णकांत


चिंचखोरी
१५ जुलै २०२५

भाऊंना आणि काकींना नमस्कार.

फळा आला. बाबा आणि अजून तिघांनी डोक्यावर धरून ओहोळातून आणला. मधोमध आल्यावर पाऊस आला, तर फळ्याखाली चौघंपण कोरडे.

काल शाळा भरली. आईनं स्नेहाला पाचलाच उठवून अंघोळ घातली. ती दोन वाजता परत आली आणि म्हणाली, "झाली माझी शाळा. उद्या नाय जाणार." विचारलं का, तर म्हणते, गुरुजी एक-तीन-पाच पण म्हणायला लावतात. आणि शेजारचा पोरगा चिमटे काढतो. बाबा डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, "हिच्यासाठी भाऊंनी एवढं केलं, हिला चिमटे लागतात."

मला लई बरं वाटलं, भाऊ. का ते सांगता येत नाय. कुणाला शाळेत जायचा कंटाळा आलेला आमच्या पाड्यात मी आठ वर्षांनी बघितला.

फॉर्म भरला हाय. गुरुजींनी सही केली. गणित मलापण अवघड जातंय, तुमी दोनदा नापास झालेला, तर मला एकदा तरी होऊ द्या. ऑक्टोबरनंतर मी बोईसरला परत जाईन, पण पुस्तकं घेऊन. आई-बाबा दिवाळीनंतर भट्टीवर जाणारच. स्नेहाला या वर्षी आजीकडं ठेवणार हायत. आजी म्हणाली, "ठेवा, पण चिमट्याचं भांडण मी नाय सोडवणार."

आज सकाळी तिला उठवायला गेले तर उठलीच नाय. दहाला घंटा झाली तवा ही भाकर खात होती. म्हणाली, "थांब ग, इथंच तर हाय." मग अर्धी भाकर हातात घेऊन पळाली. पाऊस भुरभुर होता, ती डबक्यातूनच गेली, मुद्दाम. मी दारात उभी राहिले. आमच्या दारातून शाळेचं दार सरळ दिसतं, मधी काय नाय. ती आत जाईपर्यंत मला दिसत होती.

नवसी